खड्यांचा डबा

पहिल्या रविवारी लच्छू आत्रामनं
मला गाडीवर चढूच दिलं नाही.
सीट त्यानं आधीच काढून ठेवली होती.
"बसाचंच नाई तं सीट कायले पायजे?"
हातात दिला दहा-अकराचा पाना,
रॉकेलची थाळी, दात घासायचा जुना ब्रश.

साखळीचा एकेक दुवा घासला
बाभळीखाली बसून.
भंगारातून चार हजारांना आणलेली गाडी,
आधी कुणा दूधवाल्याची असावी,
चेसिसवर अजून कॅनच्या कड्यांचे ओरखडे.
"साखळी दोन बोटं हालली पायजे,
एक नाई, तीन नाई."
तुमची दोन बोटं की माझी, मी विचारलं.
तो जरा वेळ गप्प झाला.
मग म्हणाला, "गाडी तुयी हाय नं."

दुसऱ्या रविवारी प्लग.
तोंड काळं, ओलसर.
"खाते लय, पचवत नाई."
हेक्सॉच्या पात्यानं फट मोजली,
कार्ब्युरेटरचं जेट ओठांत धरून फुंकलं,
बारीक शिट्टी वाजली म्हणजे साफ.
संध्याकाळी भाकरीलाही पेट्रोलचाच वास.
सोमवारी पिग्मीची पावती फाडताना
पानठेलेवाल्यानं माझी बोटं पाहिली,
"काय मॅडम, मेंदी काळी निघाली?"

तिसऱ्या खेपेला कुठे नाला.
घाटंजीच्या वरच्या अंगाला, पाणी आटलेला,
म्हशींच्या पाठींसारखे दगड
आणि मधूनमधून वाळू, फसवी.
लच्छूनं फक्कीनं वाट आखली,
इतकी अरुंद की शेळीनंही विचार करावा.
टायरांतली हवा निम्मी सोडून दिली,
"दगडाले धरू दे जरा."
आणि बेहड्याच्या बुंध्याशी जाऊन बसला
डालड्याचा रिकामा डबा घेऊन.
नियम एकच :
पाय टेकला की खडा डब्यात.

टण.
टण.
टण टण.

क्लचवर एकच बोट,
सगळा जीव त्या बोटात.
"पुढच्या चाकाकडं नोको पाहू, थे गेलं.
म्होरला दगड पाहाय."
मी म्होरला दगड पाहिला
आणि हातातल्यावरच आपटले.
टण.

चौतीस वर्षं मला सगळे
लवकरच शिकवत आले.
लवकर ऊठ, लवकर आवर,
पाव्हणे आलेत, लवकर साडी नेस,
ते पाव्हणे तर माझ्याहून लवकर निघून गेले.
सावकाश कुणी शिकवलं नव्हतं.
इतकं सावकाश की मुंगळा पुढे जाईल
आणि तरी पडायचं नाही.

पडलेच. उताणी, गाडी अंगावर,
मागचं चाक हवेत गरगरत,
सायलेन्सर पोटरीला चिकटलेला.
लच्छू जागचा हलला नाही.
"पहिले पेट्रोलचा कॉक बंद कर, मंग रड."
मी कॉक बंद केला.
रडायचं राहून गेलं.
क्लचची लिव्हर मोडली होती,
पिशवीत दुसरी होती, ती मीच बसवली.
केबलला तेल सोडलं थेंबथेंब,
दुसऱ्या टोकातून बाहेर येईस्तोवर.

होळीनंतर एकदा सातच खडे.
पुढच्या रविवारी अकरा.
मग परत सात.
लच्छू काही बोलला नाही,
डबा उलटा केला,
खडे नाल्यात, जिथले तिथे.

काल नाल्यावरून घरी येताना
पारव्याच्या फाट्यावर शेळ्या आडव्या आल्या,
शंभर-सव्वाशे, रमतगमत.
मी पायदानांवर उभी,
हँडल डावीकडे तिरपं,
ब्रेक धरत, जरासा सोडत, धरत.
राखणारा म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून
बघत राहिला.
"बंद पडली काय वं बाई?"
"नाई बाबा, उभी हाय."
"मंग पाय काऊन नाई टेकत?"

काय सांगणार.
कळप संपत आला होता.
शेवटची एक लंगडी शेळी
अर्ध्या रस्त्यात थांबली
आणि माझ्याकडे बघत
रवंथ करू लागली.